होडी, वारा आणि मावशींचं वजन

नदीतून जाणाऱ्या होडीचा नेमका वेग किती असतो, हे या जगात फक्त मला कळतं! हसू नका. मी बस खात्यात वेळापत्रकं तयार करतो. माझ्या कागदावर आजवर एकही बस उशिरा आलेली नाही. रस्त्यावर येत असतील, पण रस्ता हा माझा विभाग नव्हे.

तर त्याचं असं आहे, की दर रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि 'मी हे करतो, मी ते करते' असं तोंडाने सांगत राक्षसांच्या आणि जादूच्या मुलखात हिंडायचं. एखादी अवघड गोष्ट जमली की फसली, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर वाहवा, एक पडला तर फजिती! आणि या सगळ्यांच्या वर एक सूत्रधार असतो. पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून तो हातांच्या खुर्चीत बसतो. पाऊस त्याने पाडायचा, राक्षस त्याने सोडायचे, बंद दाराआड काय आहे ते फक्त त्याला ठाऊक. तो सूत्रधार म्हणजे मी!

ऑफिसात माझ्या डोक्यावर साहेब आहेत. घरात बायको आहे. बायकोच्या वर तिची मावशी आहे. पण रविवारी सकाळी, त्या खुर्चीत, माझ्या वर कुणीही नसतं. खरं सांगतो, त्या खुर्चीवर माझा फार जीव आहे. सोमवार ते शनिवार मी तिच्याच आशेवर काढतो.

आता खेळणारी मंडळी. बायको होते जादूगारीण. तिला त्यासाठी वेगळी तयारी करावी लागली नाही. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, होतो बुटका योद्धा. प्रत्यक्षात तो सहा फूट आहे, आणि खेळात दार दिसलं की कडी वाजवायच्या आधी कुऱ्हाड घालतो. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होतात चोर. आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालून कंटाळतात, म्हणून रविवारी खिशात घालतात. चौथ्या मावशी. टेबलाशी विणकामाला उजेड बरा पडतो म्हणून त्या येऊन बसायला लागल्या, आणि बसता बसता वैद्यबाई झाल्या. नियम त्यांना एकही येत नाही. फासासुद्धा त्या डॉक्टरांकडून टाकून घेतात. पण आमच्या त्या मुलखात कुणी आजारी पडलं, की सुया खाली ठेवून त्या सरसावून बसतात.

तर खेळात राजकन्या तापाने फणफणलेली होती. ती नदीच्या वरच्या अंगाला, बेटावरच्या किल्ल्यात. औषध मावशींच्या झोळीत. काठाला होडी तयार. मी खेळाचं जाडजूड पुस्तक उघडलं. विटेएवढं पुस्तक! त्यात होडीच्या वेगाबद्दल ओळ किती? एक! 'होडी तासाला तीन मैल जाते.' बस्स!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठली होडी? भरलेली की रिकामी? प्रवाहासोबत की प्रवाहाविरुद्ध? वारा कुठून? वल्हवणारे जेवून निघालेत की उपाशी? असं वेळापत्रक मी आमच्या आगारात लावलं असतं तर लोकांनी मला स्टँडवर बांधून ठेवलं असतं!

मी कामाला लागलो. साहेब रजेवर होते, त्यामुळे कामाला भरपूर वेळ होता. प्रवाहाचा तक्ता झाला, वाऱ्याचा झाला, वल्हवणारे किती वेळाने दमतात त्याचा झाला, होडीतल्या ओझ्याचा झाला. मगर आडवी आली तर वेगात होणारी घट मी वेगळी काढली. मगर उपाशी असेल तर होणारी वाढही काढली. पुढच्या रविवारी मी ते बाड छातीशी धरून खुर्चीत बसलो, तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटत होता.

"होडीत बसलो. निघालो!" मेहुणा म्हणाला.

"थांब! वारा बघू दे," मी म्हणालो.

वारा बघितला. प्रवाह बघितला. पहिलं वळण आलं, पुन्हा वारा बघितला, कारण वळणावर होडीचं तोंड फिरतं आणि मग बाजूचा वारा समोरचा होतो. मधेच डॉक्टरांनी वल्ही चोरली. "अहो, ती आपलीच वल्ही आहेत!" "सवय हो," ते ओशाळून म्हणाले. पण त्यामुळे वल्ह्यांचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. जेवायची वेळ झाली. मी बेरीज केली आणि मोठ्या आनंदाने जाहीर केलं, "शाब्बास! होडी दोन फर्लांग पुढे आली!"

टेबलाशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "पायी गेलो असतो तर आत्तापर्यंत जाऊन परत आलो असतो!"

"मला तर वाटतं ती नदी आपल्याआधी आटेल," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी सुया खाली ठेवल्या. "जावईबापू, ते पोर तिकडे तापाने तळमळतंय आणि तुम्ही इकडे वारा मोजत बसलाय? काही माया आहे की नाही?"

"मावशी, राजकन्या खरी नाहीये."

"मग वारा तरी कुठे खरा आहे?"

मी बायकोकडे बघितलं. ती पुठ्ठ्याच्या आडोशावरून माझ्याकडे असं बघत होती, जसं बाजारातून आणलेल्या नासक्या भाजीकडे बघते. "अहो, सरळ सांगते. हे असंच चालणार असेल तर पुढच्या रविवारपासून खुर्चीत भाऊ बसेल."

भाऊ! त्याची खेळ चालवण्याची पद्धत मला ठाऊक होती. होडी निघाली, होडी पोचली, राक्षस आला, हाणा त्याला! मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि ओरडलो, "माझे नियम खरे आहेत! खऱ्या नदीवर सिद्ध करून दाखवतो! चला होडीत!"

माणसाने रागात बोलू नये. बोललंच तर निदान नदीबद्दल बोलू नये.

नदीकाठच्या बागेत भाड्याने होड्या मिळतात. तिथून प्रवाहाविरुद्ध वर गेलं की मधोमध एक छोटं बेट आहे, त्यावर चहाचं दुकान आहे. माझ्या तक्त्याप्रमाणे आमची होडी पाऊण तासात तिथे पोचायला हवी होती. पोचली तर खुर्ची कायमची माझी. नाही पोचली तर मेहुण्याची. डॉक्टर साक्षीदार. ते म्हणाले, "मी चोर आहे, माझी साक्ष चालेल का?" पण त्यांना गप्प करण्यात आलं.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण धक्क्यावर हजर. मावशींच्या हातात विणकामाची पिशवी आणि वाकड्या मुठीची लांबलचक छत्री. होड्या देणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती आणि सगळं लक्ष हातातल्या मोबाइलवरच्या सामन्यात होतं. या शिट्टीवाल्याने आमच्याकडे न बघताच पाच लाइफ जॅकेट फेकली आणि म्हणाला, "बंधाऱ्याकडे जायचं नाही. लाल पिंपं दिसली की मागे फिरायचं."

"बंधारा खालच्या अंगाला आहे. आम्ही वर चाललोय," मी त्याला गणित समजावलं. तो सामना बघत राहिला.

आता माझ्या नियमाप्रमाणे निघण्याआधी होडीतलं ओझं काढायला हवं होतं. मेहुण्याला विचारलं, त्याने सांगितलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी थोडं कमी करून सांगितलं. बायकोचं मला अंदाजाने लिहिता आलं. मी पेन्सिल सरसावून वळलो आणि अगदी सहज, कामाच्या ओघात विचारलं, "मावशी, तुमचं वजन किती?"

शिट्टीवाल्याने पहिल्यांदाच मोबाइलवरून मान वर केली.

"का?" मावशी म्हणाल्या. "विकायला काढलंय मला?"

"नाही नाही! तक्त्यासाठी! होडी किती बुडेल ते..."

"म्हणजे माझ्यामुळे होडी बुडेल म्हणता!"

"अहो!" बायको म्हणाली. तिच्या त्या एका 'अहो'त काय काय होतं ते मी इथे लिहू शकत नाही. मावशी तरातरा होडीत चढल्या आणि मागच्या फळीवर माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी वजनाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं आणि गुपचूप त्यांच्या शेजारी बसलो. बायको पुढच्या टोकाला, आणि मधल्या फळीवर मेहुणा आणि डॉक्टर, एकेक वल्हं घेऊन.

"वेळ सुरू!" मी घड्याळ बघून ओरडलो. "वल्हवा!"

मेहुण्याने जोर लावून वल्हं मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. होडी गर्रकन वळली आणि तिचं तोंड पुन्हा धक्क्याकडे झालं.

"डॉक्टर, तुम्ही का थांबलात?"

"त्याची पाळी चाललीये ना!"

आता मंडळी, यात डॉक्टरांना हसण्यासारखं काही नाही. दोन वर्षं दर रविवारी आम्ही एकामागून एक पाळीनेच सगळं करत आलोय. एकाने तलवार मारायची, तोवर दुसऱ्याने हाताची घडी घालून बसायचं. हे आमच्या हाडीमाशी खिळलंय. मेहुणा थांबला, तशी डॉक्टरांनी आपली पाळी घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. होडी दुसऱ्या बाजूने गर्रकन फिरली.

"दोघांनी एकदम मारा रे!" बायको ओरडली.

"एकदम कसं मारणार, ताई? आधी कोण ते ठरवायला नको?" मेहुणा म्हणाला.

"फासा टाकू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खिशातून फासा काढला. ते तो दवाखान्यातही खिशात ठेवतात. दाढ काढायच्या आधी टाकतात की काय, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही.

मेहुण्याला बारा पडले, डॉक्टरांना सतरा. मेहुणा म्हणाला, फासा फळीच्या फटीत तिरका पडला, धरायचा नाही. डॉक्टर म्हणाले, तिरका पडला तरी सतराच. मेहुणा म्हणाला, भाऊजी, सूत्रधार म्हणून तुम्ही निकाल द्या. मला बरं वाटलं. खुर्ची जायच्या बेतात असतानाही माझा निकाल कुणाला तरी हवा होता! मी पिशवीतून पुस्तक काढलं. फासा तिरका पडण्याबद्दलचा भाग शोधून काढला, मोठ्याने वाचला, त्याचा अर्थ सांगितला. त्यावर डॉक्टरांनी हरकत घेतली. हरकतीवर मेहुण्याने हरकत घेतली. फार सुंदर चर्चा रंगली होती.

आणि इथेच आमची खरी चूक झाली. टेबलावर आम्ही भांडत असतो ना, तेव्हा नदी थांबते. वारा थांबतो, राक्षस उगारलेला हात तसाच वर धरून उभा राहतो. आम्ही निकाल लावून 'हं, पुढे' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा हलत नाही. या खऱ्या नदीला हे कुणी सांगितलंच नव्हतं!

"अहो," बायको पुढून म्हणाली, "ती लाल पिंपं कसली?"

मी मान वर केली. धक्का कुठल्या कुठे मागे पडला होता. पुढे पाण्यावर दोरखंडाला बांधलेल्या लाल पिंपांची रांग डुलत होती, आणि तिच्या पलीकडून बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा घोंघाट येत होता.

"वल्हवा! वल्हवा!" मी किंचाळलो.

"पण निकाल?" मेहुणा म्हणाला.

"खड्ड्यात गेला निकाल!" माझ्या आयुष्यात हे वाक्य मी प्रथमच उच्चारलं.

दोघांनी घाबरून एकदम वल्ही मारली, पण एकाने पुढे आणि एकाने मागे. काठावरचं एक झाड पाण्यावर वाकलेलं होतं. होडी त्याच्याखालून जाऊ लागली. फांदी थेट डॉक्टरांच्या डोक्यावर आली. हात वर केला असता तरी हातात आली असती.

"डॉक्टर, फांदी धरा! फांदी!"

डॉक्टरांनी फासा टाकला.

"एक," ते खिन्नपणे म्हणाले. "नाही जमलं." आणि फांदी त्यांच्या डोक्यावरून शांतपणे निघून गेली!

"मी बघतो!" मेहुण्याने फासा उचलला, तळहातात खुळखुळवला, फुंकर मारली आणि इतक्या जोशात टाकला की तो सरळ नदीत गेला. "किती पडले?" डॉक्टर वाकून पाण्यात बघू लागले. मेहुणा आणि मीही त्याच बाजूला वाकलो. होडी कलली. बायकोने मला हाक मारली, अगदी लग्नाआधी मारायची तशी. माझ्या हातातले तक्ते गळून होडीत शिरलेल्या पाण्यात पडले. या माणसांना मी इथे आणलं होतं. एका खुर्चीपायी! मला खरोखर रडू येत होतं.

तेवढ्यात 'खट्ट' असा आवाज झाला आणि होडीला हिसका बसून ती जागच्या जागी थांबली.

माझ्याकडे पाठ करून बसलेल्या मावशींनी छत्रीची वाकडी मूठ पिंपांच्या दोरखंडात अडकवली होती. दोन्ही हातांनी छत्री धरून, पाय फळीला रोवून त्या बसल्या होत्या.

"मावशी!" बायको रडतरडतच म्हणाली.

"धरा रे कुणीतरी," मावशी म्हणाल्या. "की आता यालाही पाळी लावायची आहे?"

आम्ही सगळे एकदम दोरखंडाला लटकलो. पाळी न लावता आम्ही केलेली ती पहिली गोष्ट.

थोड्याच वेळात शिट्टी वाजवत शिट्टीवाला मोटरबोट घेऊन आला. त्याचा सामना बुडाला होता, त्यामुळे तो आमच्यापेक्षा जास्त चिडला होता. "मागे फिरा म्हटलं होतं ना? जायचं होतं कुठे तुम्हाला?"

"बेटावर," मी बारीक आवाजात म्हणालो.

"मग इकडे कशाला आलात?" असं म्हणून त्याने आमची होडी दोराने बांधली आणि भर्रकन निघाला. त्यालाही चहा हवा होता, म्हणून तो आम्हाला धक्क्यावर न सोडता थेट बेटावरच घेऊन गेला. होडी काठाला लागली. मी सवयीने घड्याळ बघितलं.

पाऊण तासाला दोन मिनिटं कमी होती!

"पोचली!" मी ताडकन उभा राहिलो. "वेळेत पोचली! तक्ता बरोबर! खुर्ची माझी!" आणि दोन्ही हात वर करून मी जी उडी मारली, ती थेट पाण्यात.

पाणी कमरेइतकंच होतं. अब्रूला तेवढं पुरतं.

चहाच्या दुकानासमोर मी अंगातून पाणी गाळत उभा राहिलो आणि निवाडा सुरू झाला. "ओढत आणलेली होडी धरायची नाही!" मेहुणा म्हणाला. "नियमात कुठे लिहिलंय तसं?" मी विचारलं.

"नियम तुम्हीच लिहिलेत," बायको म्हणाली. "वारा लिहिलात. मगर लिहिलीत, तीसुद्धा पोट भरलेली आणि उपाशी वेगवेगळी. होडीतली माणसं भांडत बसली तर होडी किती जाते, ते लिहिलंत का?"

दोन वर्षं मी याच चौघांना घेऊन घोडे हाकले, गाड्या हाकल्या, आणि हा एक तक्ता मला सुचला नव्हता!

"म्हणजे खुर्ची माझी," मेहुणा हात चोळत म्हणाला.

"ती छत्री कुणाची होती?" शिट्टीवाल्याने चहा फुंकत मधेच विचारलं.

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून विणकाम काढलं होतं आणि त्या टाके मोजत होत्या. "खुर्ची मावशीला," बायको म्हणाली. मेहुण्याने तोंड उघडलं. "तू बोलू नकोस," मावशी मान वर न करता म्हणाल्या, "तू फासा बुडवलास." डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून मान डोलावली. फासा त्यांचा होता.

त्याच्या पुढच्या रविवारी पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझ्या खुर्चीत मावशी बसल्या. आडोशावरून फक्त चष्मा आणि सुयांची टोकं दिसत होती. खेळाडूंच्या साध्या खुर्चीत बसताना मला कसंसंच झालं. पण मी मन मोठं केलं. मला होडीवाल्याचं पात्र देण्यात आलं होतं, आणि माझे तक्ते मावशींच्या पुढ्यात होते. ते पाण्यातून काढून, सुकवून, इस्त्री करून मीच दिले होते. म्हटलं, खुर्ची गेली तरी नियम तर राहिले!

"होडी निघतेय," मावशी म्हणाल्या. त्यांनी माझा ओझ्याचा तक्ता उचलला, चष्मा सारखा केला आणि आडोशावरून माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, तुमचं वजन किती?"

"माझं? म्हणजे... माझ्या पात्राचं?"

"तुमचं."

मी टाळाटाळ करत होतो, तेवढ्यात बायकोने सांगून टाकलं. अगदी खरं. मावशींनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "नाही बसत. तुमच्याच नियमात नाही बसत, मी काय करू? तुम्ही काठाने चालत या."

"पण मावशी, मी होडीवाला आहे!"

"मग लवकर चाला." आणि त्या बाकीच्यांकडे वळल्या. "होडी पोचली."

बस्स! ना वारा, ना वळण! राजकन्येला औषध मिळालं. तिचा ताप उतरला, ती उठून बसली आणि तिने खायला मागितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्याने आनंदाच्या भरात उघड्या दारावर कुऱ्हाड घातली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पोर वाचलं एकदाचं.

त्याला आता बरेच रविवार झाले. मंडळींनी किल्ला जिंकला, गुहा पार केली. डॉक्टरांनी एका ड्रॅगनला "आ करा" म्हणून सांगितलं आणि त्याचा सोन्याचा दात चोरला. मी अजून काठाने चालतोय. मधूनमधून विचारतो, "मावशी, मी कुठवर आलो?" त्या टाके मोजतामोजता म्हणतात, "येताय, येताय."

तक्रार नाही. पण एक सांगून ठेवतो. काल मी ते जाडजूड पुस्तक पुन्हा चाळलं. नदीकाठाने पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाबद्दल त्यात ओळ किती असेल? एक! चिखल किती, काटे किती, चढ आहे की उतार, काही नाही! आणि उद्यापासून साहेब रजेवर आहेत.